बातमीवरून अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद: उत्तर टाकण्याआधीपासून बाहेर पडेपर्यंतची क्रमवार पद्धत

विज्ञान, तंत्रज्ञान किंवा कलाक्षेत्रातली एखादी बातमी आली, तिच्याखाली वाद पेटला, की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. मथळा वाचायचा, उत्तर ठोकायचं, कोणी पुरावा मागितलाच तर मग शोधाशोध. तोवर आपलंच विधान इतकं ताणलेलं असतं की ते सावरायला हाताला लागेल ती लिंक चिकटवावी लागते, आणि ती लिंक नीट वाचली तर बऱ्याचदा आपल्याच विरोधात जाते. २०१६ साली कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सची इन्रिया संस्था यांच्या संशोधकांनी ट्विटरवर शेअर झालेल्या बातम्यांच्या लिंक तपासल्या, तेव्हा त्यातल्या ५९ टक्के लिंक एकदाही उघडल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे न वाचता भांडणारे तुम्ही एकटे नाही, पण म्हणून ते चालवून घ्यायचं कारण नाही.

क्रम उलटा केला की निम्मे वाद उभेच राहत नाहीत. जे उरतात ते घालण्यासारखे असतात. ज्यांना नुसती वाफ काढायची आहे त्यांनी हा लेख सोडून द्यावा. त्यासाठी पद्धत लागत नाही.

## १. आधी ठरवा: उतरायचं की नाही

उत्तराच्या चौकटीत काही टाइप करण्याआधी स्वतःला विचारा, काय समोर आलं तर माझं मत बदलेल? "तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत जमला तर", "करारातलं ते कलम खरंच तसं असेल तर", असं काहीतरी ठोस सुचायला हवं. काहीच सुचत नसेल तर तुमचं मत पक्कं झालेलं आहे. ते एकदा मांडा आणि मोकळे व्हा. वाद कशाला?

मग वेळेचा हिशेब. अल्बर्टो ब्रँडोलिनी नावाच्या इटालियन प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: थाप मारायला जेवढे कष्ट पडतात त्याच्या कित्येक पट ती खोडायला लागतात. ऑनलाइन वादात हे रोज अनुभवाला येतं. समोरच्याने पाच सेकंदांत टाकलेल्या एका ओळीसाठी तुमची अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. ती द्यायची तयारी नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचूनही उपयोग नाही.

आणि कोणासाठी लिहिताय, तेही आधीच ठरवा. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा असा की ऑनलाइन समूहात सुमारे ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. ज्याच्याशी तुमची जुंपली आहे तो त्या एक टक्क्यातला असण्याची शक्यता मोठी आणि तो हलण्याची शक्यता लहान. वाचणारे मात्र अजून कुठल्याच बाजूला गेलेले नसतात. उत्तर त्यांना समजेल असं लिहायचं. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी भाषा आपोआप सौम्य होते, कारण तिऱ्हाइतापुढे कोणी उगाच आवाज चढवत नाही.

तपासणी: बातमीची तारीख पाहिली का? तीन-चार वर्षांपूर्वीची बातमी नव्याने फिरते आणि तिच्यावर ताजा वाद रंगतो, हे वरचेवर घडतं. तारीख जुनी असेल तर उत्तरात तेवढंच लिहा. बाकी काही लिहायची गरजच उरत नाही.

## २. मूळ गाठा

बातमी तुमच्यापर्यंत येते तेव्हा ती साधारण अशी घरंगळत आलेली असते: शोधनिबंध, त्यावर विद्यापीठाचं प्रसिद्धिपत्रक, त्यावर वृत्तसंस्थेची बातमी, त्यावर एखाद्या वेबसाइटचा मथळा, आणि त्या मथळ्याचा कोणीतरी काढलेला स्क्रीनशॉट. प्रत्येक टप्प्यावर एखादी अट गळते आणि एखादं विशेषण चिकटतं. पहिल्या टप्प्यावरचं "उंदरांमध्ये" शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकलं तर नशीब म्हणायचं.

उलट चढायला सुरुवात करा. बातमीत संस्थेचं, नियतकालिकाचं किंवा संशोधकाचं नाव असतंच. ते आणि विषयातले दोन नेमके शब्द शोधयंत्रात टाका. निबंधाला डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर काम आणखी सोपं. पान काढून टाकलेलं असेल तर वेबॅक मशीनवर त्याची जुनी प्रत सापडते का बघा. निबंध पैसे भरून वाचायचा असेल तर सारांश तरी खुला असतो, आणि पुष्कळदा त्याच निबंधाचा प्रीप्रिंट, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधी लेखकांनी खुला केलेला मसुदा, दुसरीकडे मोफत मिळतो.

निबंध हाती आला की तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. तीन जागा बघा: सारांश, प्रयोग कोणावर आणि किती जणांवर झाला तो परिच्छेद, आणि शेवटाकडे लेखकांनी स्वतःच सांगितलेल्या मर्यादा. वादातले निम्मे मुद्दे या तिसऱ्या जागी आधीच लिहून ठेवलेले असतात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०११ च्या सप्टेंबरमधलं. जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे ७३० किलोमीटर, गेलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले असं ऑपेरा प्रयोगाच्या मोजणीत दिसलं. मथळ्यांनी आइन्स्टाइनला निवृत्त करून टाकलं. निबंध उघडला असता तर शेवटी दिसलं असतं की लेखकांनी या निकालाचा सैद्धांतिक अर्थ लावायचं मुद्दाम टाळलं होतं, आणि इतरांनी चूक शोधावी अशीच त्यांची अपेक्षा होती. २०१२ मध्ये ती सापडली. एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. मधल्या महिन्यांत "आइन्स्टाइन चुकला" आणि "हे शास्त्रज्ञ भोंदू आहेत" अशा दोन्ही बाजूंनी जोरदार हाणामारी झाली. दोन्ही बाजू मथळ्याशी भांडत होत्या, निबंधाशी कोणीच नाही.

तंत्रज्ञानाच्या बातमीत मूळ म्हणजे कंपनीचा स्वतःचा लेख, उत्पादनाची कागदपत्रं, न्यायालयाचा आदेश. २०१७ मध्ये फेसबुकच्या दोन चॅटबॉटनी "स्वतःची गुप्त भाषा बनवली म्हणून घाबरून बंद केलं" अशी बातमी जगभर फिरली. मूळ प्रयोग वाटाघाटी शिकवण्याचा होता. बॉटनी इंग्रजी व्याकरण पाळावं यासाठी त्यांना काहीच बक्षीस ठेवलेलं नव्हतं, म्हणून वाक्यं विस्कटत गेली. संशोधकांना माणसांशी बोलू शकतील असे बॉट हवे होते, म्हणून त्यांनी रचना बदलली. घाबरण्याचा भाग मथळे लिहिणाऱ्यांचा.

कलेच्या बातमीत मूळ म्हणजे पूर्ण मुलाखत किंवा पूर्ण भाषण. कापून घेतलेल्या एका ओळीवरून माणसाला फाशी देण्याआधी त्याच्या पुढची आणि मागची दोन वाक्यं तरी ऐकावीत.

सावधान, प्रीप्रिंट: अर्काइव्हसारख्या ठिकाणी (प्रीप्रिंटचं हे खुलं संकेतस्थळ १९९१ पासून चालू आहे) आलेला निबंध दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेला असतोच असं नाही. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक (विजेला अजिबात अडथळा न करणारा) असल्याचा दावा अशाच प्रीप्रिंटमधून केला. महिनाभरात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तो अतिवाहक नसल्याचं दाखवलं. जी लक्षणं दिसत होती त्यामागे कॉपर सल्फाइडची भेसळ असल्याचं निघालं. प्रीप्रिंट वादात वापरा, जरूर वापरा, पण "अजून तपासणी व्हायची आहे" हे शब्द त्याच वाक्यात असू द्या. पुढच्या वाक्यात ढकलले की कोणी वाचत नाही.

सावधान, चॅटबॉट: चॅटबॉटला विचारून मिळालेले संदर्भ न उघडता टाकू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे खटले दाखले म्हणून सादर केले. त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ऑनलाइन वादात दंड होत नाही, पण एक खोटा संदर्भ उघडकीला आला की तुमचे बाकीचे खरे संदर्भही कोणी उघडत नाही.

मूळ सापडलंच नाही तर? तसं लिहा. "पूर्ण निबंध वाचता आला नाही, सारांशावरून बोलतोय." हे वाक्य लिहायला लोक लाजतात. ते लिहिलेल्या उत्तराला मात्र वाचणारे जास्त मान देतात.

## ३. दावा एका वाक्यात लिहून काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. कागदावर किंवा फोनच्या नोंदवहीत एक वाक्य लिहा: समोरची व्यक्ती नक्की काय म्हणते आहे? तिच्याच शब्दांत, जोर न वाढवता. "काही अभ्यासांत संबंध दिसला" असं ती म्हणत असेल तर तुमच्या वाक्यात "सिद्ध झालं" येता कामा नये.

मग त्या वाक्याची जात ओळखा. वस्तुस्थितीचा दावा असेल (असं घडलं, एवढं मोजलं), तर तो पुराव्याने तपासता येतो. नियमाचा असेल, तर नियम काय सांगतो ते वाचावं लागतं. मूल्याचा असेल (हे चांगलं, हे अन्यायाचं), तर तिथे आकडेवारी टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. भाकीत असेल, तर कधीपर्यंत आणि काय दिसलं तर ते खरं मानायचं, हे आधी ठरवावं लागतं.

उदाहरण घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट फेअरच्या डिजिटल कलाविभागात मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय साधनाच्या मदतीने बनवलेल्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. त्यावरचे वाद आजही कुठे ना कुठे चालू असतात, आणि ते संपत नाहीत कारण माणसं वेगवेगळ्या जातीचे दावे घेऊन एकमेकांसमोर उभी असतात. एक म्हणतो, "त्याने फसवलं." हा वस्तुस्थितीचा प्रश्न: चित्र दाखल करताना नावापुढे मिडजर्नीचा उल्लेख होता. दुसरा म्हणतो, "हे नियमात बसत नाही." हा नियमाचा प्रश्न: त्या विभागाची नियमावली उघडायची. तिसरा म्हणतो, "त्याला कॉपीराइट मिळायला हवा." तोही नियमाचाच, पण दुसऱ्या दाराचा: सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने नोंदणी नाकारली. चौथा म्हणतो, "ही कलाच नव्हे." हा मूल्याचा. चौथ्याला पहिल्याचं उत्तर दिलं तर तो हलणार नाही आणि हलायचं कारणही नाही.

तपासणी: तुम्ही लिहिलेलं वाक्य समोरच्याने वाचलं तर "हो, मी हेच म्हणतोय" असं तो म्हणेल का? शंका असेल तर वाद थांबवून आधी तेच विचारा. बऱ्याच वेळा उत्तर येतं, "नाही, मला तसं म्हणायचं नव्हतं," आणि तिथेच सगळं मिटतं.

## ४. आकडा सोलून बघा

बातमीत आकडा असेल तर तो तसाच उचलू नका. तीन प्रश्न पुरतात: कशाच्या तुलनेत, किती पैकी, आणि कोणत्या प्रमाणात?

पहिला प्रश्न. ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने जाहीर केलं की त्यांच्या सिकॅमोर या क्वांटम प्रोसेसरने २०० सेकंदांत केलेल्या गणनेला सर्वांत ताकदवान महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील. आयबीएमचं म्हणणं पडलं की वेगळ्या पद्धतीने केली तर तीच गणना महासंगणकावर अडीच दिवसांत होईल. दोन्ही आकडे एकाच कामाचे. फरक तुलनेच्या पद्धतीत होता, आणि ते काम क्वांटम यंत्राला सोयीचं म्हणून निवडलेलं होतं. "इतक्या पट वेगवान" हे ऐकलं की लगेच विचारायचं: कुठल्या कामात, कोणापेक्षा?

दुसरा प्रश्न. टक्केवारीने वाढ सांगितली की मूळ आकडा शोधा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल सांगितलं की रोज ५० ग्रॅम खाण्यामागे आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. एखाद्या देशात आयुष्यभरात हा आजार शंभरात पाच जणांना होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे साधारण सहा. हे क्षुल्लक नाही, पण "दर शंभरात अठरा जण मरणार" हेही नाही, आणि वादात बहुतेकांच्या डोक्यात हेच दुसरं चित्र असतं.

तिसऱ्या प्रश्नाला जास्त जागा देतो, कारण त्यात दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर आणि एकाच वेळी चूक असू शकतात. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्याबद्दल एकाच दिवशी दोन निष्कर्ष आले. आयएआरसीने त्याला २बी गटात टाकलं: माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित आहे. आणि जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, म्हणजे जेईसीएफएने, रोजची मर्यादा दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम अशी आधीचीच कायम ठेवली. एका गटाने पहिला निष्कर्ष उचलला, दुसऱ्याने दुसरा, आणि दोघेही "जागतिक आरोग्य संघटना म्हणते" अशीच सुरुवात करून एकमेकांवर तुटून पडले.

विसंगती नव्हती. आयएआरसीचा प्रश्न असतो: हा पदार्थ कर्करोग घडवू शकतो याचा पुरावा किती भक्कम आहे? जेईसीएफएचा प्रश्न असतो: रोज किती घेतलं तर चालेल? म्हणूनच आयएआरसीच्या पहिल्या गटात तंबाखू, मद्य आणि सूर्यप्रकाश शेजारीशेजारी बसतात. पुरावा तिघांचाही पक्का, घातकतेचं माप एकसारखं नाही. आता मर्यादेचा हिशेब करा. ७० किलोच्या माणसाला दिवसाला २,८०० मिलिग्रॅम. शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम धरलं तर ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ पेक्षा जास्त कॅन लागतील, तेही दुसऱ्या कुठल्या अन्नातून अ‍ॅस्पार्टेम येत नसेल तर. वजन कमी असलेल्या मुलाचा हिशेब अर्थातच वेगळा.

सावधान: हिशेब करताना गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट (वजन, मात्रा, मुदत) उत्तरात लिहा. "बारा कॅन प्यायलात तरच" एवढंच लिहिलं की वीस किलोच्या मुलाचा बाप विचारतो, "कोणाला बारा?" आणि त्याचं बरोबर असतं.

## ५. समोर कोण आहे, एवढंच बघा

एक-दोन मिनिटं पुरे. त्या खात्यावरून आधी काय लिहिलं गेलंय यावर नजर टाका. सगळ्या धाग्यांवर एकच मजकूर चिकटवलेला दिसला तर उत्तर देऊ नका. विषयातलं शिक्षण किंवा काम दिसत असेल तर भाषा जरा तांत्रिक ठेवता येते. उपरोधाने लिहिलेलं असू शकतं, हेही लक्षात ठेवा. लेखी मजकुरात चेहरा दिसत नाही आणि गंमत अनेकदा गंभीर वाटते. यापलीकडे खोदकाम नको. माणसाचं गाव, नोकरी, जुने फोटो शोधून वादात आणणं हे वाद हरल्याचं लक्षण आहे, आणि अनेक ठिकाणी नियमभंगही.

## ६. पहिलं उत्तर

आता लिहायला हरकत नाही. समजा समोर हे आहे:

"डब्ल्यूएचओने अ‍ॅस्पार्टेम कर्करोगकारक ठरवलंय. तरी कंपन्या विष विकतायत आणि लोक ढोसतायत."

नेहमीचं उत्तर असं असतं: "काहीही! दिवसाला बारा कॅन प्यायलात तरच. आधी अभ्यास करा, मग बोला." यात खरी माहिती आहे, तरी उत्तर वाया जाणार. समोरच्याचा बरोबर असलेला अर्धा भाग नाकारला, आकडा अर्धवट दिला, आणि शेवटच्या वाक्याने त्याला उत्तराऐवजी अपमानाला उत्तर द्यायला लावलं.

त्याऐवजी:

"जुलै २०२३ मध्ये आयएआरसीने अ‍ॅस्पार्टेमला २बी गटात टाकलं, हे तुमचं बरोबर आहे. त्या गटाचा अर्थ शक्यता आहे, पुरावा मर्यादित आहे. त्याच दिवशी जेईसीएफएने रोजची मर्यादा, किलोमागे ४० मिलिग्रॅम, होती तीच ठेवली. म्हणून 'ठरवलं' यापेक्षा 'शक्यता नोंदवली' हे मला जास्त अचूक वाटतं. दोन्ही निष्कर्ष या लिंकवर एकत्र आहेत. तुमचा आक्षेप रोज पिणाऱ्यांबद्दल आहे की मुळात विकण्याबद्दल?"

क्रम बघा. आधी जे मान्य आहे ते, मग हरवलेला तुकडा, मग नेमक्या कोणत्या शब्दावर मतभेद आहे ते, मग लिंक, आणि शेवटी खरा प्रश्न. खरा म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला आधी माहीत नाही असा. "तुम्ही निबंध वाचलाय तरी का?" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, पण ती थप्पड आहे.

एका उत्तरात एकच मुद्दा. पाच मुद्दे लिहिलेत तर समोरचा त्यातला सगळ्यात कच्चा उचलणार आणि उरलेले चार पाण्यात. लिंक देताना तिच्यातलं नेमकं वाक्य किंवा परिच्छेद सांगा. नुसती लिंक फेकणं म्हणजे "जा, तूच शोध" असं सांगणं.

संबोधन अहो-जाहोचं ठेवा, समोरचा अरे-तुरेवर आला तरी. वाचणाऱ्यांना हा फरक पहिल्या ओळीत दिसतो.

एक भीती बरेच जण बोलून दाखवतात: वस्तुस्थिती दाखवली की माणूस उलट आणखी हट्टाला पेटतो म्हणे. ही कल्पना २०१० मधल्या नायहन आणि राइफलर यांच्या अभ्यासाने गाजली. नंतर वुड आणि पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर तेच तपासलं (निबंध २०१९ चा), तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ कुठेच आढळला नाही. माणसं दुरुस्ती बऱ्यापैकी स्वीकारतात. त्यावरून त्यांची बाजू बदलतेच असं मात्र नाही. तेव्हा पुरावा द्यायला कचरू नका, फक्त समोरच्याकडून शरणागतीची अपेक्षा ठेवू नका.

तपासणी: पाठवण्याआधी उत्तर एकदा मोठ्याने वाचा. तोंडावर बोलवणार नाही असं वाक्य काढून टाका. राग आला असेल तर मसुदा जतन करून सकाळी बघा. धागा पळून जात नाही.

## ७. दुसरी आणि तिसरी फेरी

इथे गाडी रुळावरून उतरण्याचे प्रकार मोजकेच आहेत.

विषय बदलला जातो. अ‍ॅस्पार्टेमवरून साखर कारखानदारांवर, तिथून औषध कंपन्यांवर. वड्याचं तेल वांग्यावर. उपाय: "तो वेगळा विषय आहे आणि त्यावरही बोलू. आधी २बीचा अर्थ आपल्याला एकसारखा मान्य आहे का, एवढं सांगा." एकदाच म्हणा. दुसऱ्यांदा तेच झालं तर बाहेर पडायची वेळ जवळ आली.

खांब हलवला जातो. तुम्ही मागितलेला पुरावा दिलात की "हा नको, दुसरा". तेव्हा विचारा, "कोणता पुरावा तुम्हाला पटेल?" हा तोच प्रश्न, जो पहिल्या पायरीवर तुम्ही स्वतःला विचारला होता. उत्तर आलं तर वाद जिवंत आहे.

तज्ज्ञाचं नाव फेकलं जातं. नाव कितीही मोठं असो, माणूस त्याच विषयातला आहे का बघा, आणि नसेल तर "त्यांचं काम दुसऱ्या क्षेत्रातलं आहे" एवढंच लिहा. हिणवण्याची गरज नाही. नाव तुमच्या बाजूचं असलं तरी हाच नियम, आणि तेव्हाच तो पाळणं जड जातं.

दहा लिंकचा ढीग टाकला जातो. सगळ्या वाचत बसू नका. "यातली तुमच्या मते सगळ्यात भक्कम कोणती? तीच नीट वाचतो," असं लिहा आणि खरंच वाचा.

आणि तिसराच कोणी मध्ये येऊन शिवी हासडतो. त्याला उत्तर द्यायचं नाही. तो तुमच्या बाजूने बोलत असेल तर मात्र एक ओळ लिहावी, की अशी भाषा नको. समोरच्याच्या नजरेत तुमचं वजन वाढवणारी यापेक्षा स्वस्त गोष्ट मला माहीत नाही.

किती फेऱ्या? २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी मत बदलून घेण्यासाठीच चालणाऱ्या एका ऑनलाइन चर्चास्थळावरचे हजारो धागे तपासले. थोडी देवाणघेवाण फायद्याची ठरत होती, पण चार-पाच फेऱ्यांनंतर मत बदलण्याची शक्यता घसरत होती. तीही स्वतःहून मत बदलायला तयार असलेल्यांमध्ये. इतरत्र तीन फेऱ्या भरपूर झाल्या.

## ८. तुमचं चुकल्याचं कळलं तर

मूळ उत्तर गुपचूप पुसू नका. त्याखालची प्रत्युत्तरं निरर्थक होतात, आणि कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतोच. मूळ मजकूर तसाच ठेवून खाली "दुरुस्ती:" असं लिहा, काय चुकलं ते एका वाक्यात सांगा आणि ज्याने दाखवलं त्याचा उल्लेख करा. लांबलचक खुलासा नको. "तरी माझा मूळ मुद्दा कायम आहे" हे वाक्य त्याच श्वासात तर मुळीच नको, कायम असला तरी. तो पुढच्या उत्तरात मांडता येतो.

## ९. बाहेर पडणं आणि परत येणं

बाहेर पडायचे संकेत: समोरचा तुमच्या वाक्यांना सोडून तुमच्याबद्दल बोलू लागला, तोच मुद्दा दुसऱ्यांदा आला, किंवा तुम्ही पुरावा शोधण्याऐवजी टोमणा शोधताय. शेवटचा संकेत सगळ्यात आधी दिसतो आणि सगळ्यात उशिरा मानला जातो.

जाताना तीन ओळी लिहा: कशावर सहमती झाली, कशावर नाही, आणि कोणती नवी माहिती आली तर पुन्हा बोलू. मग त्या धाग्याच्या सूचना बंद करा. शेवटचा शब्द समोरच्याला घेऊ द्या. वाचणाऱ्यांना शेवटचं उत्तर कोणाचं होतं यापेक्षा लिंक कोणी दिली होती हे जास्त लक्षात राहतं. धमकी किंवा पाठलाग सुरू झाला तर मात्र तीन ओळीही नकोत. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार नोंदवा, ब्लॉक करा.

धाग्याची लिंक आणि दाव्याचं ते एक वाक्य स्वतःजवळ जपून ठेवा, कारण विज्ञानातले वाद वर्षांनीही उघडतात. आर्सेनिक वापरून जगणाऱ्या जिवाणूचा दावा "सायन्स" नियतकालिकात डिसेंबर २०१० मध्ये आला. लगेच टीका झाली, नंतर इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही, आणि निबंध मागे घेतला गेला जुलै २०२५ मध्ये. लबाडी झाली असा ठपका नियतकालिकाने ठेवला नाही, आणि लेखकांना मागे घेणं मान्य नव्हतं. अशी बातमी आली की जुन्या धाग्यावर जाऊन "बघा, मी म्हणत होतो" असं लिहायला हात शिवशिवतात. त्याऐवजी काय बदललं, कोणाला ते अजून मान्य नाही आणि निबंध मागे घेतल्याची मूळ सूचना कुठे वाचता येईल, एवढं लिहायचं. ज्याच्याशी वाद झाला होता त्याला टॅग करायचं असेल तर ही बातमी त्याच्या बाजूची असती तरी केलं असतं का, हे आधी बघायचं.